दिवा खोटा की पाणी कमी?

दिवाळीत दिवे लुकलुकले की मन प्रसन्न होते. पण गाडीतला लाल दिवा लुकलुकू लागला की पोटात गोळा येतो! फोक्सवॅगनची पाण्याने थंड होणारी जुनी टी3 व्हॅन ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही.

हिचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. मध्ये लांबच लांब नळ्या. कूलंट आटले की इंजिन तापते, हेड निकामी होते आणि खिशाला भगदाड पडते. म्हणून इंजिनाजवळच्या टाकीत धातूच्या दोन काड्यांचा सेन्सर बसविलेला असतो. काड्या कूलंटमध्ये बुडालेल्या असल्या की त्यांच्यामधून किंचित वीज वाहते. त्या उघड्या पडल्या की प्रवाह तुटतो आणि तापमापकातला दिवा उघडझाप करतो. किल्ली फिरविल्यावर तो क्षणभर लुकलुकून विझला पाहिजे.

विझलाच नाही तर? आधी काटा पाहा. इंजिन अति तापले तरी हाच दिवा लुकलुकतो; काटा वर चढला असेल तर गाडी तात्काळ थांबवा. इंजिन पूर्ण निवाल्याखेरीज टाकीचे झाकण उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते. नंबरप्लेटीमागची टाकी भरलेली दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. सेन्सर असलेली आतली टाकी पाहा.

पाणी पुरेसे आहे? मग सेन्सरचा प्लग काढून त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडा. दिवा विझला तर दोष सेन्सरचा. काड्यांवरचा थर बारीक पॉलिशपेपरने काढा. तरीही गुण नाही आला तर नवा सेन्सर घ्या. दिवा तसाच लुकलुकत राहिला तर तुटकी तार, गंजलेला प्लग किंवा फ्यूजपेटीजवळचा रिले तपासावा. आणि हो, टाकीत नुसते शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी भरू नका. त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून टाकी भरलेली असूनही सेन्सर फसतो; शिवाय इंजिन गंजते ते वेगळेच. योग्य कूलंट मिसळूनच भरावे.

काही बहाद्दर ती तार कायमची जोडून दिवा गप्प करतात. ‘लांडगा आला रे’ ओरडणाऱ्या पोराचे तोंडच बांधण्यासारखे हे झाले! खरा लांडगा येईल त्या दिवशी ओरडणार कोण? तपासणी झाली की तार काढून टाका.