हार्डडिस्कची पाठचिकित्सा

लॅपटॉपची हार्डडिस्क बदलणे हे दुकानदाराचे काम, मराठीच्या प्राध्यापकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे आपल्याकडे सर्वसाधारणपणे मानले जाते. मला हे मान्य नाही. निदान ज्यांनी २०१० पूर्वी संगणकावर मराठी लिहिले, त्यांच्या बाबतीत तरी हे काम संपादनाच्या कक्षेत येते, आणि ते संपादनाच्या शिस्तीनेच व्हायला हवे.

यातला यांत्रिक भाग किरकोळ आहे. त्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. बॅटरी काढायची, पाठीमागचे झाकण उघडायचे, स्क्रू सोडवून डिस्क बाहेर घ्यायची आणि तिच्या जागी त्याच आकाराची एसएसडी बसवायची. जुन्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५४०० वेळा फिरत असतात. नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसते. त्यामुळे भंगारात काढायचे ठरलेले यंत्र एकाएकी चपळ होते. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांचा लॅपटॉप कांजूरमार्ग स्थानकाजवळच्या एका दुकानात असाच चपळ झाला. काम हाती घेण्याआधी दुकानातल्या मुलाने एकच प्रश्न विचारला होता : "सर, जुना डेटा पाहिजे, की फ्रेश मारून देऊ?"

सगळा पेच या एका वाक्यात आहे. 'फ्रेश' म्हणजे कोरी विंडोज, आणि फार आग्रह धरलात तर दस्तऐवजांचा फोल्डर तेवढा उचलून नव्या डिस्कवर ठेवलेला. फाइली सुखरूप पोहोचतात, नावेही तीच राहतात. फाइल उघडावी तर आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अगम्य रांग! याचे कारण नव्वदच्या दशकात आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींनी आपल्याला संगणकावर मराठी दिली, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. पण यांतल्या बहुसंख्य फॉन्टांनी देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत बसवले होते, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. संगणकाच्या लेखी ते रोमनच राहिले. त्याला मराठीपण होते ते केवळ फॉन्टमुळे. आणि फॉन्ट तर सहसा दस्तऐवजात नसतो. तो विंडोजच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि 'फ्रेश'च्या वेळी नेमका तोच मागे राहतो.

महानुभावांची सकळ लिपी ही याला जवळची तुलना. पोथ्या शतकानुशतके मठांत सुरक्षित होत्या. भाषा मराठीच होती. किल्ली मात्र पंथाबाहेर कुणाकडे नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने ती उलगडली आणि आद्य मराठी गद्य अभ्यासकांपुढे आले. महानुभावांनी लिपी जाणूनबुजून गुप्त ठेवली होती. आपण आपलीच लिपी निष्काळजीपणाने गुप्त करून टाकतो आहोत, एवढाच काय तो फरक.

सुटकेची वाट कांजूरमार्गाहून फार दूर नव्हती, हे मौजेचे आहे. या स्थानकावर उतरून लोक पवईच्या आयआयटीत जातात; तिथे र. कृ. जोशी शिकवत असत. सुलेखनकार आणि कवी असलेल्या या माणसाने 'मंगल' हा फॉन्ट घडवला, तो विंडोज २००० बरोबर देशभर पोहोचला. युनिकोडमध्ये देवनागरी तर १९९१ पासूनच होती. तरीही आमच्या महाविद्यालयांतल्या प्रश्नपत्रिका पुढे कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टांत टंकित होत राहिल्या. असो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर विसंबून मुद्रितशोधन टाळता येत नाही. 'दुसऱ्या' हा साधा शब्द घ्या. यातला 'ऱ्य' संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधी ते जोडकाम करून लिहिले जाई. पोथीतला पाठभेद निदान दिसतो तरी. हा पाठभेद अदृश्य आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वर्गात आदराने सांगतो. तो आदर स्वतःच्या फोल्डरपर्यंत पोहोचायला हरकत नसावी.

"छापले ते ग्रंथालयात आहेच," असे यावर म्हटले जाते. पण न छापलेल्याचे काय? आमच्या या सहकाऱ्यांच्या डिस्कवर बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासाच्या टिपणांच्या सतरा फाइली निघाल्या. त्यांतली एक ओळही प्रसिद्ध झालेली नाही, आणि ज्यांच्या तोंडून ते शब्द टिपले त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत.

म्हणून डिस्क बदलताना आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत करून मागावी, फॉन्टांचा फोल्डर वेगळा जपावा, कोणत्या वर्षी कोणत्या प्रणालीत लिहिले ते एका कागदावर नोंदवावे. आणि जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नये. तिच्यावर विद्यार्थ्यांचे गुण असतात, लोकांची खासगी पत्रे असतात, आणि नुसत्या फॉरमॅटने ती खरोखर पुसली जात नाहीत. भंगारवाल्याकडे किंवा कांजूरच्या कचराभूमीवर तिने जाणे कोणत्याच अर्थाने बरे नव्हे. एम.ए.ला पाठचिकित्सा शिकवणाऱ्या विभागांनी अशी एखादी डिस्क विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, असेही मला वाटते.

आम्ही पूर्ण प्रत करून घेतली होती, त्यामुळे सतरांपैकी अकरा फाइली सरळ उघडल्या. उरलेल्या सहा त्याही आधीच्या डेस्कटॉपवरून आलेल्या. त्यांचा फॉन्ट या डिस्कवरही नव्हता. त्यांपैकी एकीचे छापून ठेवलेले दोन कागद एका फायलीत सापडले आहेत. त्या कागदांवरचे अक्षर आणि पडद्यावरचे चिन्ह यांची जोडी लावत दोन विद्यार्थिनी सध्या तक्ता तयार करीत आहेत. व्यंजने जवळपास पुरी झाली आहेत, जोडाक्षरे बाकी आहेत.