एकाच पाकिटातल्या बिया, पण रोपं तीन तऱ्हांची. जर्मनीचा गांजा कायदा इथेच का अडखळतो?

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून 18 वर्षांवरच्या माणसाला घरात गांजाची तीन झाडं लावायची मुभा आहे. त्यानंतर एका ठरावीक साच्यातले फोटो कदाचित तुमच्याही फीडवर येऊन गेले असतील. खोलीच्या कोपऱ्यात एक तंबू, वर एलईडी दिवा आणि खाली तीन कुंड्या. बिया एकाच पाकिटातल्या, माती तीच, पेरणी एकाच दिवशी. आणि दोन-तीन आठवड्यांत एक रोप वीतभर, दुसरं त्याच्या निम्मं, तिसरं अजून दोन-चार पानांवर अडकलेलं. खाली प्रश्न ठरलेला: "सगळं सारखं केलं, मग असं का?"

प्रश्न बागकामाचा वाटतो. पण त्याचं उत्तर नीट पाहिलं, तर हा कायदा ज्या हिशोबावर उभा आहे तो हिशोबच डगमगायला लागतो.

आधी रोपांचं बघू. गांजाच्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि परागीभवन वाऱ्यावर होतं. म्हणजे भाताचं किंवा टोमॅटोचं फूल जसं बहुतेक वेळा स्वतःचंच परागण करतं आणि पिढ्यान् पिढ्या जवळपास सारखीच रोपं देतं, तसं इथे होत नाही. प्रत्येक बीमध्ये आई-बापाच्या जनुकांचा पत्ता नव्याने पिसला जातो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून तर कलम बांधतात. गांजातही हुबेहूब तेच झाड हवं असेल तर फांदी कापून लावावी लागते. बी म्हणजे भावंडं. आणि भावंडं किती सारखी असतात हे आपण घरात बघतोच.

पण सगळं खापर जनुकांवर फोडणंही चूक. सुरुवातीच्या दिवसांत दिसणारा बराचसा फरक फार साध्या गोष्टींतून येतो. एकाच मादीवरच्या बियासुद्धा सारख्या भरलेल्या नसतात; काही टपोऱ्या, काही अर्धवट पिकलेल्या. एक बी एखाद-दोन दिवस आधी उगवली की तिची पानं आधी उघडतात, ती आधी अन्न बनवतात, त्यातून आणखी पानं येतात. चक्रवाढ व्याजासारखंच. दोन दिवसांची आघाडी तिसऱ्या आठवड्यात दुप्पट उंचीसारखी दिसू शकते. दुसरी गोष्ट दिव्याची. तंबूच्या मधोमध उजेड जास्त, कडेला कमी. उजेड कमी पडला की रोप तो शोधायला वर ताणलं जातं. त्यामुळे सगळ्यात उंच दिसणारं रोप सगळ्यात तगडं असेलच असं नाही. ते काटकुळं आणि उपाशीही असू शकतं. (फोटोंखाली "हा तर चॅम्पियन" म्हणणाऱ्यांनी एकदा खोडाची जाडी बघावी.)

मग नक्की कोणाचा हात किती? तीन कुंड्यांवरून ते सांगता येत नाही. संशोधक अशा वेळी डझनावारी रोपं घेतात, त्यांच्या जागा ठरावीक दिवसांनी बदलतात आणि मग फरक उरतो का ते बघतात. घरातल्या तंबूत ते शक्य नाही, कारण कायदाच तीनवर थांबवतो.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. गांजाच्या रोपाचे दिसत नाहीत. सुरुवातीची उंची दोन महत्त्वाच्या गोष्टींबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

पहिली गोष्ट, झाड नर की मादी. नशेसाठी वापरला जातो तो मादीचा फुलोरा. साध्या बियांतून साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते डोळ्यांना कळतं फुलं यायला लागल्यावरच. आपल्याकडे पपईच्या जुन्या वाणांची अडचण हीच होती. शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायचे आणि फूल आल्यावर जास्तीचे नर उपटायचे. जर्मन कायद्यालाही याची कुणकुण असावी असं मला वाटतं. तिथल्या लागवड संघांना एखाद्या प्रौढ व्यक्तीला घरच्या लागवडीसाठी महिन्याला सात बिया किंवा पाच कलमं देता येतात. बिया सात आणि कलमं पाच, कारण बी हा जुगार आहे. बाजारात फक्त मादी झाडं देणाऱ्या बियाही मिळतात. पण तिथेही लिंग तेवढं ठरलेलं असतं, बाकीचा पत्ता पिसलेलाच असतो.

दुसरी गोष्ट, रसायन. गांजातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, ही दोन्ही झाडात एकाच मूळ द्रव्यापासून तयार होतात. कोणाकडे किती वळणार हे प्रामुख्याने एका जनुकीय जागेवर ठरतं, असं दि मेयर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं. दोन्ही प्रकार अंगात असलेल्या झाडाचं स्वतःशीच परागण केलं, तर चार भावंडांमागे सरासरी एक टीएचसीवालं, एक सीबीडीवालं आणि दोन मिश्र निघतात. नशेसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांत हा पत्ता टीएचसीकडेच पक्का झालेला असतो, पण टक्का तरीही भावंडागणिक बदलतो. तंबूत ठेंगणं राहिलेलं रोप सगळ्यात कडक निघू शकतं. छोट्या रोपाच्या पानाच्या तुकड्यावरून लिंग आणि रसायनाचा प्रकार ओळखणाऱ्या डीएनए चाचण्या आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये अशा खुणा प्रसिद्ध केल्या. घरात लावणाऱ्याला कायदा अशी कोणतीच चाचणी करायला सांगत नाही.

खरा पेच इथे आहे. त्याच कायद्यानुसार लागवड संघाला 18 ते 21 वयाच्या सदस्याला 10 टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी असलेला गांजा देता येत नाही, आणि देताना टीएचसी-सीबीडीचं सरासरी प्रमाण सांगावं लागतं. कारण उघड आहे, कोवळ्या मेंदूला धोका जास्त. पण तोच 19 वर्षांचा मुलगा घरी तीन झाडं लावतो, तेव्हा कायदा फक्त कुंड्या मोजतो. घरात वाळलेला गांजा 50 ग्रॅमपर्यंत ठेवता येतो. तीन झाडांतून याहून जास्त निघू शकतो, किंवा दोन नर निघाले तर हाताला फारसं काही लागत नाही. मोजायला सोपं म्हणून झाडांची संख्या धरली हे समजू शकतं. पोलीस कुंड्या मोजू शकतात, टक्के मोजू शकत नाहीत. पण ज्या धोक्यासाठी मर्यादा घातली, तो धोका कुंडीत मोजताच येत नाही.

अमेरिकेत याच्या बरोब्बर उलटा त्रास आहे. तिथल्या 2018 च्या शेती कायद्याने 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प ठरवलं. त्यामुळे बियाणं एकसारखं नसेल आणि पिकाचा नमुना त्या रेषेच्या वर गेला, तर अख्खं पीक त्या रूपात विकता येत नाही, नष्ट करायची वेळ येते. शेतकऱ्याने नियम पाळलेला असतो, फक्त भावंडांनी दगा दिलेला असतो. उत्तराखंडमध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने मिळतात, तिथेही मर्यादा 0.3 टक्केच आहे. परवाना कागदावर मिळतो, पण खात्रीचं, एकसारखं बियाणं हाताशी नसेल तर नुकसान शेतकऱ्याच्याच गळ्यात पडतं.

महाराष्ट्रात मात्र हा हिशोबच नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या वंशातलं कोणतंही झाड "कॅनबिस झाड" ठरतं. नर असो, मादी असो, टीएचसी कितीही असो, विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तिकडचे रील बघून फ्लॅटमध्ये तंबू लावायचं डोक्यात आलं, तर हे आधी वाचा. जर्मनीत शिकायला गेलेल्यांसाठीही एक अट आहे: घरच्या लागवडीची मुभा तिथे किमान सहा महिने राहत असलेल्यालाच मिळते, विमानतळावर उतरल्या उतरल्या नाही.