काल केलेल्या कामाचा ठणका

गोडदेवच्या चाळींतून राहणाऱ्या आपल्या भगिनींचा दिवस नळाला पाणी येते तेव्हा सुरू होतो. पाणी भरायचे, डबे करायचे, मग कोणी भाईंदर स्टेशन गाठायचे, कोणी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला जायचे. अशा घरात 'मला फार थकवा येतो' हे बोलणे कोणी मनावर घेत नाही. थकवा कोणाला येत नाही? झोप झाली की उतरतो. पण काहींचा थकवा झोपेने उतरत नाही. सहा सहा महिने, वर्षवर्ष तो अंगात ठाण मांडून बसतो. आज त्याविषयी बोलू.

डॉक्टर या आजाराला 'मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस' किंवा 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 साली त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. पुष्कळदा तो एखाद्या विषाणूच्या तापानंतर सुरू होतो. 2020 च्या कोरोना साथीनंतर अनेकांना असाच त्रास मागे राहिला. याची मुख्य खूण अशी, की झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम झाले तर त्रास लगेच होतोच असे नाही. बहुधा तो 12 ते 48 तासांनी उसळतो आणि कित्येक दिवस राहतो.

समजा, रविवारी जरा बरे वाटले म्हणून एका बाईने साठलेले कपडे धुतले, घर पुसले, संध्याकाळी मीरा रोडला नातलगांकडे जाऊन आली. सोमवार कसाबसा गेला. मंगळवारी अंथरुणातून उठवेना. पाठ, पोटऱ्या, सांधे ठणकतात, डोके दुखते, फोडणीच्या वासाने मळमळते, उजेड आणि आवाज सोसत नाही. घरचे म्हणतात, 'परवा तर चांगली हिंडत होतीस!' परवा हिंडली म्हणूनच आज पडली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

असे पडल्यावर पहिले औषध म्हणजे आडवे होणे, तेही लगेच. 'एवढे उरकते आणि मग पडते' असे म्हणू नये. खोलीत अंधार करावा, टीव्ही बंद ठेवावा. काहींना उभे राहिल्यावर चक्कर आणि मळमळ वाढते. त्यांनी पायांखाली उशी घेऊन निजावे आणि उठताना आधी थोडे बसून मग उभे राहावे. ठणकणाऱ्या जागी गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, सोसेल तेवढेच.

मळमळत असताना भरल्या ताटाचा आग्रह करू नये. दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट पाणी घ्यावे. उलट्या होत असतील तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. नंतर भाताची पेज, मऊ खिचडी, केळे, असे थोडे थोडे खावे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना आराम पडतो.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, पण मोठ्या माणसाने 24 तासांत 500 मिलिग्रॅमच्या 8 पेक्षा जास्त गोळ्या कधीही घेऊ नयेत. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा तेच औषध असते, ते हिशेबात धरावे. अंगाने किरकोळ असणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि दारू पिणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. उलट्या होत असताना उपाशीपोटी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ताकदीचे इंजेक्शन आणि सलाईन यांवर मजुरीचे पैसे घालवू नयेत. तोंडाने पाणी पोटात ठरत असेल तर सलाईनच्या बाटलीने हा आजार हटत नाही.

मात्र प्रत्येक थकवा हाच आजार नव्हे. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग यांनीही माणूस गळून जातो, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून आधी पालिकेच्या दवाखान्यात किंवा भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे. छातीत दुखणे, दम लागणे, उलटीत रक्त, लघवी बंद होणे, मान आखडून ताप येणे, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

बरे वाटू लागले की खरी परीक्षा असते. साठलेले काम एका दिवसात उरकायला गेले की पुन्हा अंथरूण धरावे लागते. म्हणून बरे वाटेल त्या दिवशीही झेपेल त्यापेक्षा कमीच काम करावे. भाजी बसून निवडावी, कपडे दोन दिवसांत वाटून धुवावेत, थकण्याआधीच पाठ टेकावी. वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात: आज काय केले, अंग कसे होते. महिन्याभरात आपली मर्यादा आपल्याला कळते. 'रोज थोडा थोडा व्यायाम वाढव, बरी होशील' हा सल्ला या आजारात घातक ठरू शकतो. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत ठराविक मापाने वाढवत नेण्याचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये असे स्पष्ट केले आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात 18 ते 50 वयाच्या स्त्रियांची पाहणी झाली होती. ती 2005 साली प्रसिद्ध झाली. शंभरात सुमारे 12 जणींनी सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असल्याचे सांगितले. त्या सगळ्यांना हाच आजार होता असे नाही. पण गरिबी आणि घरात मिळणारी दुय्यम वागणूक यांच्याशी त्या थकव्याचा संबंध दिसून आला.

तेव्हा बंधूंनो, पाण्याचा हंडा तुम्ही उचला. डबा मुलानेही करायला शिकावे. आडवी झालेल्या बाईला 'आळशी' म्हणू नका. या आजाराला आज तरी हमखास गोळी नाही. विसावा आहे, आणि तो घरच्यांनीच द्यायचा आहे.