वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे



पक्षाघातानंतर बोलणे गेलेल्या माणसाची ‘बुद्धीच जाते, त्याला काही विचारण्यात अर्थ नाही’, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. हे साफ चूक आहे आणि अशा रुग्णांवर अन्याय करणारे आहे.

डॉक्टर ज्याला अफेजिया म्हणतात, तो भाषेचा विकार, स्मृतिभ्रंश वेगळा. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेल्या एका रुग्णाला ‘टॅन’ एवढेच उच्चारता येई, पण समोरच्याचे बरेचसे बोलणे कळे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार मांडला: रुग्ण भरभर बोलतो, पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचेही त्याला नीट समजत नाही.

माझ्या काकांना झटक्यानंतर ‘पाणी’ म्हणता येत नसे, ते तांब्याकडे बोट दाखवत. संध्याकाळी आरती सुरू झाली की मात्र शब्द ओळीने येत. पाठ असलेले, सुरातले बोलणे अनेकदा असे शाबूत राहते. भेटायला येणारे त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी वाटेल ते बोलत. काका भिंतीकडे तोंड करून घेत.

अशा माणसाला छोटे प्रश्न विचारावेत, हो-नाहीत उत्तर मागावे, उत्तरासाठी थांबावे. वाचोपचार लवकर सुरू करावेत. आणि वाटणीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी त्याला त्यातला मजकूर समजावून सांगावा, त्याची मर्जी विचारावी.

एक वाचक, कोल्हापूर