बेगम रुकय्यांचे अर्धे स्वप्न

आमच्या जलशांतून बेगम रुकय्या सखावत हुसैन यांचे नाव निघते ते मुलींची शाळा काढणारी एक नेक बीबी म्हणून. दोन वाक्ये, टाळ्या, संपले! ही बाई विज्ञानकथा लिहीत होती हे कुणी सांगत नाही. आमची तक्रार आहे ती ही.

१८८० साली रंगपूरजवळच्या पायराबंद गावी, जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म. मुलींना बंगाली-इंग्रजी वर्ज्य. थोरल्या भावाने घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवले. लग्न भागलपूरच्या डेप्युटी मॅजिस्ट्रेटशी झाले. पती दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून त्यांनी इंग्रजीत एक कथा लिहिली. परतलेल्या सखावतसाहेबांनी ती उभ्याउभ्याच वाचली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे उद्गार काढले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी स्त्री-मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ छापून आली.

सूड कसला? कथेत पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत आणि राज्य बायका चालवतात. पण रुकय्या एवढ्या अदलाबदलीवर थांबत नाहीत. बायकांचे एक विद्यापीठ आभाळातून पाणी खेचते, दुसरे सूर्याची उष्णता साठवते. स्वयंपाकघरात ना कोळसा, ना धूर. शत्रू चालून येतो तेव्हा दोन हजार विद्यार्थिनी साठवलेली उष्णता त्याच्यावर सोडतात. तलवार कुणाच्याच हाती नाही!

हे मनोरंजन होते म्हणणाऱ्यांनी पुढचे पाहावे. १९०९ साली पती वारले. त्याच वर्षी पाच मुली घेऊन भागलपुरात शाळा निघाली. सासरच्या वादात गाव सुटले, तर १९११ साली कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा. माध्यम? उर्दू.

हे ऐकून आम्ही उर्दू माध्यमवाल्यांनी छाती फुगवायची, आणि दहावीनंतर सायन्स मागणाऱ्या मुलीला ‘बेटी, आर्ट्स घे, घरून परीक्षा देता येईल’ असेही आम्हीच सांगायचे! दुसरीकडे आमच्या सुधारणेची भलतीच काळजी असलेली मंडळी त्यांच्या ‘अवरोधबासिनी’तले पडद्याचे किस्से तेवढे वाचून दाखवतात. बुरखा घालून शाळा चालवणारी बाई त्यांनाही अर्धीच हवी असते.

मागे आम्ही आठवीच्या वर्गात ही कथा सांगितली. एका मुलीने विचारले, ‘सर, सूरज की गर्मी जमा कैसे करते?’ भिंग आणून दाखवावे म्हणून प्रयोगशाळेची किल्ली मागवली. दार उघडले तर आत छतापर्यंत मोडकी बाकडी रचलेली.