'नैसर्गिक' डब्यात गेलेले आठ महिने : प्रोस्टेट, जाहिराती आणि आपले वडीलधारे

सोलापुरातल्या आमच्या नात्यातल्या एका चाचांची ही हकिकत. वय ६८, सगळी उमर यंत्रमागावर गेलेली. दोन वर्षांपासून रात्री चार-पाच वेळा उठायचे. धार सुरू व्हायला वेळ लागायचा, झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही. घरात कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उमर का तकाजा है." मग कुणीतरी मोबाइलवरची जाहिरात दाखवली : ऑपरेशनशिवाय प्रोस्टेट मुळापासून बरा, शंभर टक्के नैसर्गिक, कसलाही साइड इफेक्ट नाही. चाचांनी डबा मागवला आणि आठ महिने चूर्ण घेतलं. थोडा फरक पडतोय, असंही म्हणायचे.

एका लग्नाच्या धावपळीत त्यांना सर्दी झाली. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, रात्री घेतली आणि पहाटेपर्यंत लघवी पूर्ण बंद. पोट तट्ट फुगलेलं, वेदनेने घाम फुटलेला. रुग्णालयात नळी घातली तेव्हा लिटरभराहून जास्त लघवी निघाली. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण बऱ्याच दिवसांपासून येत होता. डॉक्टरांनी विचारलं, "या आठ महिन्यांत एकदा तरी सोनोग्राफी केली होती का?" नव्हती केली.

चूर्णानेच त्यांचं मूत्रपिंड बिघडवलं, असा आरोप आम्ही करत नाही. नुकसान झालं ते तपासणीविना गेलेल्या आठ महिन्यांचं. आणि असे महिने घालवणारे चाचा, अब्बा, नाना आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, म्हणून हा विषय इथे उघडपणे मांडतोय.

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, ही फक्त पुरुषांना असते. युनानी हकीम तिला गुद्दा-ए-मज़ी म्हणतात. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी असते, वजन साधारण २० ग्रॅम. लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वय वाढतं तशी ग्रंथी फुगते आणि नळी आवळली जाते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीनंतर बहुतेकांत. ही साधी वाढ कर्करोग नाही आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. फक्त लक्षणांवरून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. मोबाइलवरच्या विक्रेत्याला तर नाहीच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं राजवाड्याने जाहीर केलं. लगेच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर या आजाराची माहिती शोधणारे लोक कित्येक पटींनी वाढले. मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा प्रोस्टेट कर्करोग हाडांपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज दिला की जगात दरवर्षी सापडणारे प्रोस्टेट कर्करोगाचे रुग्ण २०२० मधल्या १४ लाखांवरून २०४० पर्यंत २९ लाखांवर जातील. माणसं जास्त जगू लागलीत, हे त्यामागचं मोठं कारण. राजे आणि राष्ट्राध्यक्ष जे जगाला सांगतात, ते आपले अब्बा घरात सांगत नाहीत.

आता जाहिरातींकडे येऊ. औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात लोकांसमोर करताच येत नाही, त्यांची यादी या कायद्याला जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू यांच्यासोबत प्रोस्टेट ग्रंथीचे विकारही त्या यादीत आहेत. म्हणजे 'प्रोस्टेट मुळापासून बरा' ही ओळ छापणं हाच गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

या कायद्याला पूर्वी आव्हान कुणी दिलं होतं? ज्यांच्या रूह अफजाशिवाय आपली इफ्तारी होत नाही, त्या दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायद्यातला काही भाग रद्द झाला, पण मूळ मुद्दा टिकला : अशी जाहिरात हा व्यापार आहे, भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली तिला संरक्षण मागता येणार नाही. तेव्हा औषध आयुर्वेदिक आहे की युनानी, विकणारा आपला आहे की परका, याने कायद्याला फरक पडत नाही. आपल्यालाही पडू नये.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये आणखी एक कुंपण घातलं गेलं होतं, नियम १७०. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांची मंजुरी घेणं त्याने बंधनकारक केलं. १ जुलै २०२४ रोजी केंद्राने हा नियमच काढून टाकला. पतंजलीच्या जाहिरातींवरून गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या निर्णयाला स्थगिती दिली. पण ११ ऑगस्ट २०२५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनची ती याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही संपली. म्हणजे जाहिरात छापण्याआधीची गाळणी आता नाही. उरलाय तो १९५४ चा कायदा, आणि तो चालतो तक्रारीवर. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना तक्रार निवारणाची यंत्रणा उभारायला सांगितलं होतं. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासनाचं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, डब्याचा फोटो आणि बिल जपून ठेवलं तर तक्रारीला आधार मिळतो. तक्रार करतं कोण, हा प्रश्नच आहे. लघवीच्या तक्रारीवर लेखी अर्ज द्यायला आपल्या माणसाला लाज वाटते, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

मग नैसर्गिक उपाय सगळे फसवे? तसं नाही. एकेक बघू. प्रोस्टेटच्या कित्येक कॅप्सूलमध्ये 'सॉ पाल्मेटो' असतं, अमेरिकेतल्या एका खुज्या ताडाच्या फळांचा अर्क. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर आणि २०११ मध्ये ३६९ पुरुषांवर तिप्पट मात्रेपर्यंत त्याची अमेरिकेत चाचणी झाली. औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. 'ई' जीवनसत्त्वाचं तर उलटच निघालं : ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत इथेच मोडते.

गोखरू आयुर्वेदातही आहे, युनानीतही, खार-ए-खसक या नावाने. त्यावरचे अभ्यास लहान आहेत, त्यांच्या जोरावर ग्रंथी बरी करण्याचा दावा कुणी करू नये. भोपळ्याच्या बियांनी लक्षणांत थोडा आराम पडल्याचं जर्मनीतल्या एका चाचणीत दिसलं. मूठभर बिया भाजून खायला हरकत काहीच नाही, शेंगदाण्याच्या चटणीसारख्या जेवणात येऊ द्या. कलौंजी, मध, खजूर सुन्नत म्हणून जरूर घ्या. फक्त शुगर असलेल्यांनी मध-खजुराचा हिशेब ठेवावा. हिजामा केल्याने नळीवरचा दाब हटत नाही. धातूंचे कुश्ते आणि भस्मं मात्र ओळखीच्या, पदवीधर हकीम-वैद्याशिवाय घेऊ नका. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला हे झेपत नाही.

खरा नैसर्गिक इलाज बिनपैशाचा असतो, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. झोपण्याआधी दोन तास पाणी कमी करा. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. आपल्या सोलापुरात मगरिब ते इशा कट्ट्यावर तीन-तीन कटिंग होतात आणि रात्री झोप मोडली की दोष प्रोस्टेटला. दिवसभराचं पाणी मात्र तोडू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. कारखान्यात बसलेला माणूस लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाही. त्याने लघवी घट्ट होते, जळजळते आणि खड्याचा धोका वाढतो. लघवी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा, आतली उरलेली निघते. बसून लघवी करा. आपल्याकडे ती तशीही शिकवण आहे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांचं मूत्राशय बसून जास्त रिकामं होतं असं दिसलं. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, रोज चाला, वजन आणि शुगर ताब्यात ठेवा. रात्री वारंवार उठण्यामागे कित्येकदा प्रोस्टेट नसतोच, असतो मधुमेह.

आणि सर्दीची गोळी. नाक मोकळं करणारी आणि गुंगी आणणारी औषधं वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये लघवी अडवू शकतात. चाचांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. मेडिकलवाल्याला 'प्रोस्टेटचा त्रास आहे' एवढं सांगितलं तरी तो दुसरं औषध देईल.

रमजानमध्ये गणित उलटं होतं. सगळं पाणी इफ्तार ते सेहरीत जातं आणि रात्रभर उठबस सुरू. अशा वेळी जास्त पाणी इफ्तारनंतरच्या पहिल्या दोन तासांत आणि उरलेलं सेहरीला घ्यावं, तरावीहनंतरचा चहा टाळावा. प्रोस्टेटची आणि बीपीची गोळी कधी घ्यायची, हे चाँद दिसायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट औषधाची नाही, नमाजची आहे. इस्तिंजा झाल्यावर थेंब येत राहतात, वुजू टिकेल की नाही याची शंका मनात बसते, आणि चाळीस वर्षं पहिल्या सफमध्ये उभा राहिलेला माणूस हळूहळू मशिदीत यायचा बंद होतो. घरच्यांना वाटतं, गुडघे दुखत असतील. लघवीनंतर वृषणांच्या मागच्या बाजूने बोटाने हलका दाब देत पुढे आणलं की नळीत अडकलेले थेंब निघून जातात. तरीही थांबत नसेल तर शरियतने अशा माणसाला माजूर मानून सवलत दिलेली आहे : हनफी मसल्यात तो प्रत्येक नमाजच्या वक्ताला वुजू करतो आणि तो वक्त संपेपर्यंत, थेंब आले तरी, नमाज पढू शकतो. आपण माजूरमध्ये बसतो का, हे इमामसाहेबांना एकांतात विचारावं. इमामसाहेबांनीही एखाद्या जुम्याला दोन मिनिटं यावर बोलावं. मशिदींच्या विश्वस्तांकडे आमची एक मागणी आहे. वुजूखान्याजवळ एक कमोड आणि धरायला एक दांडा बसवा. फरशी बदलायला जेवढा चंदा जमतो, त्याच्या थोडक्या भागात हे होईल.

तपासणी कसली, हेही सांगून ठेवतो. लघवी, शुगर आणि क्रिएटिनिनची तपासणी, लघवीनंतर आत किती उरली हे दाखवणारी सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास पीएसए. पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच असं नाही, साध्या वाढीत आणि जंतुसंसर्गातही तो वाढतो. डॉक्टर बोटाने तपासतात त्याला मिनिटभर लागतं. तेवढ्या मिनिटाच्या संकोचापायी वर्षं घालवलेले लोक आम्ही पाहिलेत. बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं आणि त्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर या गोळ्या चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, झोपेत कपडे ओले होणं, पाठीच्या हाडांत न थांबणारं दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. लघवी पूर्ण अडली तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून घ्या.

खर्चाची भीती असते. ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. त्याखालच्या वयासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. कोणतं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं, आधार आणि रेशनकार्ड सोबत न्यायचं. बेगम पेठ असो की नई जिंदगी, सिव्हिलची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. अब्बांना तिथवर नेण्याचं काम मुलांचं. रात्री ते कितीदा उठतात, हे अम्मींना विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

आमच्या चाचांचं ऑपरेशन झालं. आता रात्री एकदाच उठतात आणि फज्रला पुन्हा मशिदीत दिसतात. क्रिएटिनिन मात्र अजून पूर्ण खाली आलेलं नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. चूर्णाचा शेवटचा अर्धा डबा चाचींनी टाकलेला नाही. तक्रार करायची झाली तर लागेल म्हणून ठेवलाय, असं त्या म्हणतात.