जिल्हा बँक अडली की गावची सोसायटी का अडते?

नाशिक : द्वारका परिसरातल्या जिल्हा बँकेच्या कार्यालयात काय ठरतं, याची झळ सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत प्रत्येक गावाला लागते. कारण गावची विकास सोसायटी स्वतःच्या पैशावर चालत नाही. वर मुंबईला राज्य सहकारी बँक, मधे जिल्हा बँक आणि खाली सोसायटी अशी ही उतरंड आहे. मधलं मडकं गळायला लागलं, की खालच्यात पाणी येणार कुठून?

पूर्वी नव्या-जुन्यावर गाडा चालायचा. मार्च अखेर उसनंपासनं करून कर्ज भरायचं आणि एप्रिल-मे मधे नवीन उचलायचं. त्यावर खरिपाचं बी, खत, मजुरी भागायची. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली. 14 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. तोवर जमा झालेल्या नोटा पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत तिजोरीत अडकल्या. बँकेकडं रोकड नाही, म्हणून ज्यानं प्रामाणिकपणे मार्चला भरलं, त्यालाच पुढं कर्ज मिळेना. इथं विश्वास तुटला. "भरून तरी काय उपयोग?" हे वाक्य पारापारावर ऐकू यायला लागलं.

थकबाकी एकट्या शेतकऱ्याची नाही

वसुली थांबायला दुसरंही कारण होतं. 2017 ला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली, 2019 ला दोन लाखांपर्यंतची. त्यात अनेकांचा सातबारा मोकळा झाला, हे खरं. पण मर्यादेवर कर्ज असलेले बाहेर राहिले आणि व्याज चढत गेलं. नियमित भरणाऱ्याला 50 हजारांपर्यंतचं प्रोत्साहन अनुदान मिळालं, तेही 2022 मधे. बँकेच्या डोक्यावर निफाड आणि नाशिक या सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाचाही बोजा होता. कारभारावरून संचालक मंडळ बाजूला होऊन प्रशासक आले. थकबाकीसाठी जमिनींचे लिलाव निघाले, तेव्हा 2023 मधे शेतकरी रस्त्यावर उतरले.

2025 साली राज्य सरकारनं नागपूर, नाशिक आणि धाराशिव या तीन जिल्हा बँकांना 827 कोटींचं भागभांडवल द्यायचं ठरवलं. त्यात एकट्या नाशिकचा वाटा 672 कोटी. ही रक्कम मोठी आहे. पण भागभांडवलानं बँक उभी राहते, वसुलीशिवाय ती चालत नाही.

सोसायटी बंद पडली तर नुकसान कुणाचं?

तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची 3 टक्के आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची 3 टक्के सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. मुदत एका दिवसानं जरी हुकली, तरी ही सवलत जाते. राष्ट्रीयीकृत बँकेतही सवलत आहे, पण दीड एकरवाल्याला तालुक्याला किती खेटे घालावे लागतात, हे सांगायला नको. मग उरतो खासगी सावकार, नाहीतर उधारीवर औषधं देणारा दुकानदार. तिथं व्याज मालाच्या भावात कापलं जातं, कागदावर ते दिसत पण नाही.

सोसायटीचं काम फक्त कर्जापुरतं ठेवायचं नाही, असं केंद्राचंही धोरण आहे. 2022 पासून सोसायट्या संगणकावर आणायचं काम सुरू झालं. 2023 च्या आदर्श उपविधीनुसार त्यांना खत-बियाणं, गोदाम, सेवा केंद्र असे बरेच व्यवसाय करता येतात. पण ज्या सोसायटीत अनिष्ट तफावत आहे, म्हणजे सभासदांकडून येणं कमी आणि बँकेला देणं जास्त, तिला नवीन धंदा कोण करू देणार? सभासदानं सगळं भरलं तरी अशी सोसायटी बँकेच्या दारात थकबाकीदारच राहते.

सभासदानं काय बघावं

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला पाहिजे. तिथं फक्त चहा घेऊन उठू नये. लेखापरीक्षण अहवालात वर्ग कोणता मिळाला, अनिष्ट तफावत किती, हे विचारावं. आपल्या खात्याचा उतारा मागावा. कलम 32 नं सभासदाला तो हक्क दिलेला आहे. पैसे भरल्यावर पावती घ्यावी, आणि कर्ज फिटल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का, हे मोबाईलवर स्वतः बघावं. कलम 101 ची नोटीस आली तर ती घरात ठेवून देऊ नये. म्हणणं मांडायची वेळ तीच असते.

ठेवींबाबतही फरक माहीत पाहिजे. जिल्हा बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सोसायटी किंवा पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

बँक वाचवायला सरकारनं पैसा दिला. आता मार्चला भरणाऱ्याला एप्रिलमधे कर्ज मिळतं की नाही, यावर सगळं ठरेल. मिळालं, तर नवं-जुनं पुन्हा सुरू होईल. नाही मिळालं, तर 672 कोटी आले काय नि गेले काय, गावाला सारखंच.